हेल्मेट घालीन, तुमचा टी-शर्ट नाही

मी स्वतंत्रपणे कॅलिब्रेशनची कामं करते. प्रेशर गेज, वजनकाटे, तापमानाचे सेन्सर, टॉर्क रेंच. ग्राहकाच्या जागी जायचं, त्यांचं उपकरण माझ्याकडच्या मास्टरशी, म्हणजे खात्रीच्या प्रमाण उपकरणाशी, ताडून बघायचं आणि ते किती चुकतंय हे सर्टिफिकेटवर लिहून द्यायचं. मी कुणाच्या पगारावर नाही. काम झालं की इनव्हॉइस पाठवते. साधनं माझी, त्यांची दरवर्षीची तपासणी माझ्या खर्चाने, विमा माझा मीच काढते. एखाद्या महिन्यात काम नसलं तर तो महिनाही माझाच.

एका जुन्या ग्राहकाकडून कराराच्या नूतनीकरणाचा मसुदा आला. त्यात एक नवं कलम होतं: कंत्राटदाराने कामाच्या जागी कंपनीचा लोगो असलेला टी-शर्ट आणि ठरवून दिलेल्या रंगाची पँट घालणं बंधनकारक राहील, आणि त्याची किंमत पहिल्या बिलातून वळती केली जाईल. मी सही न करता मसुदा परत पाठवला. याच धंद्यातल्या दोघांनी मला फोनवर विचारलं, एवढ्याशा टी-शर्टसाठी कशाला ताणतेस? फोनवर मला जे नीट सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. स्वतंत्र कंत्राटावर काम करणाऱ्या प्रत्येकापुढे तो आज ना उद्या येतोच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मला कपड्यांच्या नियमांचं वावडं नाही. माझं निम्मं काम तर नियमाप्रमाणे कपडे चढवण्यात जातं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या असेंब्ली लाइनवर जायचं असेल तर दाराशीच अँटिस्टॅटिक कोट मिळतो. उजेडात धरला की त्याच्या कापडात बारीक काळ्या रेघांची चौकट दिसते. ते कार्बनचे वाहक धागे. बुटाच्या टाचेला पट्टी लावायची, तिचं एक टोक मोज्याच्या आत घोट्याला टेकवायचं, मग दाराजवळच्या टेस्टरवर पाय ठेवून बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तरच आत. बाकावर बसलं की मनगटाला पट्टा. त्याच्या वायरमध्ये एक मेगाओहमचा रोधक असतो, म्हणजे चुकून जिवंत तारेला हात लागलाच तर पट्ट्यामधून जीवघेणा प्रवाह वाहू नये. हे सगळं का, तर माणसाच्या अंगाला स्थिर विजेचा झटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात आणि काही सुटे भाग 100 व्होल्टच्या आतच निकामी होतात. म्हणजे मला काही कळायच्या आत मी त्यांचा बोर्ड मारून टाकलेला असेल, आणि तो इथे नाही तर ग्राहकाच्या घरी सहा महिन्यांनी बंद पडेल.

क्लीनरूमचं, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशा खोलीचं, आणखी कडक. मेकअप चालत नाही, कारण पावडरचे कण उडतात. कपडे वरून खाली चढवायचे: आधी डोक्याचं हूड, मग अंगभर सूट, मग उंच बूट. सूट चढवताना पाय आणि बाह्या गोळा करून हातात धरायच्या, कापडाचा एक कोपरासुद्धा जमिनीला लागता कामा नये. हातमोजे शेवटी आणि बाहीच्या कडेवरून. हे नीट जमायला सराव लागतो आणि मला तो आवडतो. लेथजवळ उलट नियम: हातमोजे काढा, सैल बाही नको, गळ्यात साखळी नको, केस बांधलेले हवेत. फिरत्या स्पिंडलने हातमोजा पकडला तर तो सुटत नाही, हाताला घेऊन जातो. जड वस्तू उचलतात तिथे टोकाला 200 जूलचा आघात झेलणारे सेफ्टी शूज. वेल्डिंग चालू असलेल्या शेडमध्ये सिंथेटिक कापड नको, कारण ते वितळून कातडीला चिकटतं.

यातल्या एकाही नियमाशी मी कधी वाद घातलेला नाही, आणि घालणाऱ्या कंत्राटदाराला मी कामावर सोबत नेत नाही. हे नियम त्या जागेचे आहेत. कंपनीचा मालक आला तरी त्याला टाचेची पट्टी लावावी लागते, तपासणीला आलेला सरकारी अधिकारी आला तरी लावावी लागते. नियम कुणाला लागू आहे, हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी मनाशी विचारते. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला लागू असेल तर तो कामाचा नियम. मी कुणाची आहे हे दाखवण्यासाठी असेल तर तो हुकमतीचा नियम, आणि हुकमतीबरोबर जबाबदाऱ्याही येतात.

हे माझं खासगी तत्त्वज्ञान नाही. देशोदेशीच्या न्यायालयांनी जवळजवळ हेच पाहिलं आहे. लंडनच्या पिम्लिको प्लंबर्सचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात 2018 मध्ये निकाली निघाला. गॅरी स्मिथ नावाचे प्लंबर तिथे वर्षानुवर्षं काम करत होते. करारात ते स्वतंत्र कंत्राटदार, करही स्वयंरोजगारीचा भरत. पण अंगावर कंपनीचा गणवेश, चालवायला कंपनीच्या रंगातली, ट्रॅकर बसवलेली व्हॅन, खिशात कंपनीचं ओळखपत्र. न्यायालयाने कागदावरच्या नावापलीकडे जाऊन प्रत्यक्ष संबंध पाहिला आणि त्यांना कायद्याच्या दृष्टीने ‘वर्कर’ ठरवलं. हा कर्मचारी आणि स्वतंत्र कंत्राटदार यांच्या मधला वर्ग, म्हणजे पगारी सुट्टीसारखे काही हक्क त्यांना लागू झाले.

अमेरिकेत फेडएक्स ग्राउंड या पार्सल कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या ड्रायव्हरांचा खटला याहून बोलका आहे. ट्रक ड्रायव्हरांनी स्वतःच्या पैशाने आणलेले, करारात ते स्वतंत्र कंत्राटदार. पण टोपीपासून बूट-मोज्यांपर्यंत काय घालायचं ते कंपनी ठरवत होती. दाढी केलेली असावी, केस नीट कापलेले असावेत, अंगाला वास नसावा, इथपर्यंत अटी होत्या. 2014 मध्ये नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने ते ड्रायव्हर कर्मचारीच आहेत असा निकाल दिला आणि त्यासाठी जी कारणं मोजली त्यांत दिसण्यावरचं हे नियंत्रण ठळक होतं. पुढच्याच वर्षी कंपनीने 22 कोटी 80 लाख डॉलरवर तडजोड केली. मग 2018 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं डायनामेक्सचं प्रकरण. तिथेही माल पोचवणाऱ्या ड्रायव्हरांनी कंपनीचे शर्ट आणि बॅज घालावेत अशी अपेक्षा होती.

पण हेही तितकंच खरं की नुसत्या शर्टावर कुठलाच खटला फिरत नाही. न्यायालयं सगळं चित्र बघतात: वेळ कोण ठरवतं, साधनं कुणाची, बदली माणूस पाठवता येतो का, नफा-तोटा कुणाचा. आपल्याकडचा सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा 1973 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. तिथले शिंपी नगावर पैसे घेत, काही जण कापड घरी नेऊन शिवत, यायची-जायची वेळ पक्की नव्हती. तरीही शिलाई मशीन दुकानाची होती आणि काम पसंत पडलं नाही तर नाकारून पुन्हा शिवून घ्यायचा अधिकार मालकाकडे होता, म्हणून न्यायालयाने त्यांना कामगार मानलं. गणवेशाचा तिथे प्रश्नच नव्हता. माझ्या ग्राहकाने टी-शर्टाची सक्ती केली म्हणून मी उद्या त्याची कर्मचारी होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण अशी एकेक गोष्ट साचत जाते आणि आपण कर्मचाऱ्यासारखे राबतो, हक्क मात्र कर्मचाऱ्याचे नसतात. मी पहिल्याच गोष्टीला थांबवते.

माझ्या कामात आणखी एक कारण आहे आणि ते मला सगळ्यांत मोठं वाटतं. माझ्या सर्टिफिकेटला किंमत आहे ती मी बाहेरची आहे म्हणून. प्रयोगशाळांसाठीचं आयएसओ/आयईसी 17025 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याची चालू आवृत्ती 2017 ची. त्यातल्या सर्वसाधारण अपेक्षांमध्ये पहिलाच क्रमांक निःपक्षपातीपणाचा लागतो. समजा मी बॉयलरचा प्रेशर गेज तपासला आणि तो मर्यादेबाहेर निघाला. मला ‘फेल’ लिहायचं आहे. शेजारी उभा असलेला मेंटेनन्सचा माणूस म्हणतो, अर्ध्या टक्क्याचा तर फरक आहे, सोडून द्या, लाइन थांबेल. हे प्रत्यक्षात होतं, वारंवार होतं, आणि बोलणारा माणूस वाईट नसतो, त्याच्यावर उत्पादनाचा दबाव असतो. त्या क्षणी माझ्या अंगावर त्याच्याच कंपनीचा लोगो असेल तर मी त्याच्या टीममधली ठरते, आणि टीममधल्या माणसाने टीमची लाइन थांबवायची नसते. साध्या निळ्या शर्टात मी बाहेरून आलेली असते आणि ‘फेल’ लिहिणं हेच माझं काम असतं. दोन महिन्यांनी ऑडिटर आला आणि त्याने मला त्या लोगोत पाहिलं, तर तो सर्टिफिकेटकडे कोणत्या नजरेने पाहील? ग्राहकाने पैसे मोजून घेतलेली वस्तू ग्राहकानेच त्या टी-शर्टाने स्वस्त करून टाकलेली असते. हे मी खरेदी विभागाला असंच सांगते आणि बहुतेकांना पटतं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही सांगायला हवं. काही कंपन्या कायद्याच्या भीतीने नेमकं उलट करतात. कंत्राटदाराला कंपनीचं काहीच घालायला देत नाहीत, त्याच्यासाठी वेगळ्या रंगाचा बॅज, वेगळ्या रंगाचं जॅकेट. आग लागली आणि सगळे मैदानात जमले की बाहेरची माणसं किती, ती सगळी बाहेर आली का, हे त्या रंगामुळे झटकन मोजता येतं. त्यासाठी वेगळा रंग असायलाच हवा, मी तो आनंदाने घालते. मात्र त्याच रंगावरून प्रसाधनगृह वेगळं, बसायची जागा वेगळी, पाणी प्यायला जायचा मजला वेगळा असं सुरू झालं की ते सुरक्षेचं राहत नाही. अशा एका जागी मी सोबतच्या मदतनिसाला माझ्या शेजारी बसवलं आणि तिथल्या अधिकाऱ्याला समोर बसून विचारलं, हा नियम कुठे लिहिलाय ते दाखवा. दाखवायला काही नव्हतं.

पैशांचं काय? जागेच्या सुरक्षेसाठी लागणारी खास वस्तू जागेने द्यावी, हे माझं मत: क्लीनरूमचा सूट, अँटिस्टॅटिक कोट, त्यांच्या रसायनाला चालणारे हातमोजे. माझे सेफ्टी शूज, चष्मा, हेल्मेट माझे मी घेते, कारण ते मला सगळीकडे लागतात आणि माझ्या मापाचे असतात. बाईच्या पायाचे सेफ्टी शूज गेटवरच्या कपाटात सापडत नाहीत. दोन मापं मोठा बूट घालून शिडीवर चढणं हाच एक धोका आहे. कायदा इथे हळूहळू सरकतो आहे. ब्रिटनने 6 एप्रिल 2022 पासून सुरक्षा साधनं देण्याचं बंधन कर्मचाऱ्यांपुरतं न ठेवता त्या मधल्या ‘वर्कर’ वर्गापर्यंत वाढवलं. जो खऱ्या अर्थाने स्वतंत्र आहे त्याने मात्र आपली सोय स्वतः बघायची.

आणि घेतलेले कपडे खर्चात दाखवता येतील हे गृहीत धरू नका. ॲन मॅलेल्यू या ब्रिटिश बॅरिस्टर, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिकच. कोर्टात गडद कपडे घालणं हा त्यांच्या व्यवसायाचा नियम. ते कपडे विकत घेण्याचा, धुण्याचा खर्च त्यांनी व्यवसायाचा म्हणून मागितला, कोर्ट नसतं तर मी ते घातलेच नसते असं त्यांचं म्हणणं. 1983 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, नकार दिला, कारण अंग झाकायला आणि ऊब मिळायलाही त्याच कपड्यांचा उपयोग होत होता. प्रत्येक देशाचा करकायदा वेगळा, पण हा युक्तिवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे: नियम दुसऱ्याचा, खर्च तुमचा आणि करात सूटही नाही, असं घडू शकतं. आपल्या सीएला आधी विचारा.

‘व्यावसायिक दिसेल असा पोशाख’ या शब्दांचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. त्यांचा अर्थ त्या दिवशी समोर जो उभा असेल तो ठरवतो, आणि त्याचा भार बायकांवर जास्त पडतो. 2015 च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये एजन्सीमार्फत रिसेप्शनच्या कामावर आलेल्या एका तरुणीला उंच टाचेचे बूट नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी परत पाठवलं गेलं. नियम एजन्सीचा, कचेरी दुसऱ्याच कंपनीची. तिने केलेल्या याचिकेवर दीड लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या आणि 2017 च्या जानेवारीत ब्रिटनच्या संसदेच्या समित्यांनी या विषयावर अहवाल काढला. ती माझ्यासारखी स्वतंत्र कंत्राटदार नव्हती, पण अडचण ओळखीची आहे. नियम एकाने करायचा, जागा दुसऱ्याची, आणि तक्रार कुणाकडे करायची हे कुणीच सांगत नाही. करारात असे मोघम शब्द दिसले की मी त्याच्यापुढे एक ओळ लिहून मागते: बंद बूट, पूर्ण पँट, बाह्या असलेला शर्ट, स्वच्छ. इतकं पुरतं. कुणाला जास्त हवं असेल तर त्यांनी ते लिहावं आणि कामाशी त्याचा काय संबंध तेही लिहावं.

मला नाही म्हणता येतं, कारण माझ्याकडे ग्राहक एकापेक्षा जास्त आहेत. ॲपवरून पार्सल पोचवणाऱ्या मुलांना ही सोय नाही. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, पंक्चर त्यांचं, आणि पाठीवर मात्र कंपनीचा रंग. रस्त्यावर तो रंग दिवसभर कंपनीची जाहिरात करत फिरतो. चौकात धडक बसली की मग तो मुलगा ‘भागीदार’ असतो, कंपनीचा माणूस नसतो. ज्याला आपल्या रंगात रस्त्यावर पाठवलं, त्याच्या हाडांची जबाबदारी रंगाच्या मालकाने घेतलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. टी-शर्टाचे पैसे त्याच्याकडून कापून घेणं तर मला सहनच होत नाही.

आता त्या मसुद्याचं पुढे काय झालं ते. मी कलम खोडून त्या जागी हे लिहिलं: ‘कंत्राटदार कामाच्या जागी सर्वांना लागू असलेले सुरक्षा व स्वच्छतेचे नियम पाळेल. त्या जागेपुरती लागणारी खास संरक्षक साधने ग्राहक पुरवेल. कंत्राटदार स्वतःच्या व्यवसायाचे नाव असलेले ओळखपत्र दर्शनी भागावर लावेल. ग्राहकाचे नाव किंवा चिन्ह असलेला पोशाख घालणे कंत्राटदारावर बंधनकारक असणार नाही.’ सोबत एक छोटं पत्र जोडलं, त्यात निःपक्षपातीपणाचा मुद्दा तेवढा मांडला. खटल्यांचा उल्लेख मुद्दाम टाळला. जुन्या ग्राहकाशी बोलायची सुरुवात न्यायालयापासून करायची नसते.

उत्तर आलं तेव्हा कळलं, की त्यांची अडचण वेगळीच होती. शॉप फ्लोअरवर अनोळखी माणूस दिसला की सुपरवायझर काम थांबवून चौकशी करतात, त्यात वेळ जातो. म्हणून कुणीतरी सगळ्यांना एकच टी-शर्ट असा तोडगा काढलेला. ओळखपत्रावर फोटो, माझ्या व्यवसायाचं नाव आणि खाली ठळक ‘बाह्य कॅलिब्रेशन’ एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. बिलातून पैसे कापायचं वाक्यही गेलं.

दुसऱ्या एका ठिकाणी मात्र हे जमलं नाही. तिथल्या खरेदी विभागाने कळवलं की मसुदा सगळ्यांना सारखा आहे, बदल होणार नाही. कामं घेतलेली संपवली, सर्टिफिकेटं दिली, आणि नव्या वर्षाचा करार केला नाही. उत्पन्नात फरक पडला, तो अजून पूर्ण भरून निघालेला नाही. तुमच्याकडे असा मसुदा आला असेल तर सहीच्या आधी विचारा, हा नियम तुमच्या संचालकांनाही लागू आहे का. उत्तर लेखी मागा.